फिंचच्या चोचीवरून उत्क्रांती कशी मोजावी

उत्क्रांतीला लाखो वर्षे लागतात, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने प्रशांत महासागरातल्या गालापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या ओसाड बेटावर १९७३ पासून ती फिंच या लहान पक्ष्यांच्या चोचींवरून वर्षागणिक मोजली. त्यांची पद्धत पायरीपायरीने पाहू.

१. जागा लहान आणि एकाकी घ्या. डॅफ्ने अर्ध्या चौरस किलोमीटरहूनही लहान आहे आणि पक्ष्यांची ये-जा फारशी नाही. त्यामुळे एखादा पक्षी दिसेनासा झाला, तर तो बहुधा मेला असे धरता येते. मोठ्या जंगलात तो कदाचित पलीकडच्या टेकडीवर गेलेला असतो, आणि सगळा हिशेब कोलमडतो.

२. प्रत्येक पक्ष्याला ओळख द्या. बारीक जाळीत पकडून पायात रंगीत कडी घालतात. रंगांची जुळणी प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून नंतर दुर्बीण पुरते.

३. चोच मोजा. लांबी, रुंदी आणि जाडी. जाडी म्हणजे नाकपुडीपाशी वरपासून खालपर्यंतचे अंतर. कॅलिपर (जाडी मोजायचे चिमट्यासारखे साधन) दरवेळी त्याच जागी लावा आणि काही पक्षी पुन्हा मोजून आपला हात किती चुकतो ते तपासा. इथे सगळा खेळ मिलिमीटरच्या अंशांचा आहे. जमल्यास रक्ताचा एक थेंबही जपून ठेवा. त्याचा उपयोग पुढे कळेल.

४. बियाही मोजा. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून टाळले जाते. पण १९७७ च्या दुष्काळाचा अर्थ त्यातूनच लागला. मऊ, बारीक बिया संपल्या; उरली सराट्याच्या जातकुळीतली टणक काटेरी फळे. (सराटा पायात मोडला असेल, त्याला वेगळे सांगायला नको.) मध्यम भूफिंच या जातीचे पक्षी सुमारे १२०० वरून १८० च्या आसपास आले आणि वाचलेल्यांची चोच सरासरीने सुमारे अर्धा मिलिमीटर जाड निघाली.

५. इथे घाई करू नका. ही झाली फक्त निवड. जाड चोचीचे पक्षी उरले म्हणून सरासरी वाढली. उत्क्रांती झाली असे म्हणायला तो गुण पिल्लांत उतरायला हवा. त्यासाठी आई-बापांच्या चोचींची सरासरी आडव्या अक्षावर आणि मोठ्या झालेल्या पिल्लांची उभ्या अक्षावर मांडा. बिंदूंमधून जाणारी रेघ जितकी चढी, तितका गुण आनुवंशिक. डॅफ्नेवर ती चांगलीच चढी निघाली, आणि दुष्काळानंतरची पिढीही जाड चोचीची जन्मली.

६. वर्षानुवर्षे परत जा. १९८३ च्या एल निन्योत (प्रशांत महासागराचे पाणी तापून हवामान बदलते, त्या काळात) धो धो पाऊस पडला, बारीक बियांचे पेव फुटले आणि पारडे लहान चोचींकडे झुकले. २००४ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला, पण या वेळी लहान चोचीचे तगले. कारण मधल्या काळात बेटावर वस्ती केलेल्या मोठी भूफिंच या दुसऱ्या, जास्त जाड चोचीच्या जातीने ती काटेरी फळे फस्त केली होती. जपून ठेवलेल्या रक्तातून २०१६ मध्ये संशोधकांनी या बदलामागे एचएमजीए२ हे जनुक असलेल्या डीएनएच्या भागाचा मोठा हात असल्याचे दाखवले.