तीनचाकीचे पुढचे फोर्क खोलले, त्याचा अनुभव

जांबोटी रस्त्याला ब्रेक मारला की आमची मोटरसायकलची तीनचाकी तोंड खाली घालायची आणि ठक्क वाजायची. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, स्प्रिंग आणि तेल भरलेल्या दोन नळ्या; त्यातल्या डाव्या नळीवरून तेलही गळत होतं. नुसते सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलून भागणार नव्हतं. तीनचाकी वळणावर कलत नाही, आडवा जोर फोर्कवर येतो आणि आतले बुश (नळी ज्यावर सरकते त्या कड्या) झिजतात.

खालचा ॲलन बोल्ट वरची टोपी काढण्याआधीच सैल केला. स्प्रिंगचा दाब आतला रॉड धरून ठेवतो, नाहीतर बोल्ट नुसता गरगर फिरत बसतो. डावी नळी बाहेर काढली तर सील चालतो तिथेच गंजाचे खड्डे! खानापूरच्या पावसात हे ठरलेलंच. बारीक असते तर २००० नंबरचा पॉलिश पेपर पुरला असता, पण नख अडकत होतं. म्हणून ती नळी बेळगावच्या उद्यमबागेत हार्ड क्रोमला (क्रोमचा कडक थर चढवायला) नेली.

"मामा, दोन्ही नळ्या द्या, एक नवी एक जुनी नको," तिथला मिस्त्री म्हणाला. खर्च वाढला, पण पटलं.

तेलाची उंची दोन्हीकडे सारखी हवी. स्प्रिंग बाहेर ठेवून, नळी पूर्ण दाबून मोजायची. खालच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच घाला. एक्सलचे (चाकाच्या दांड्याचे) क्लॅम्प मात्र फोर्क दोन-चारदा दाबून मगच आवळा, नाहीतर नळ्या एकमेकींना ओढतात.