घरी बनवलेलं डिस्टॉर्शन पेडल वाजत नाही? या चुका टाळा

गिटारचा आवाज खरखरीत करणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलचं सर्किट तसं लहान असतं: एक ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी आयसी), दोन डायोड (लहरीची टोकं कापणारे) आणि मोजके रेझिस्टर-कपॅसिटर. पेडल मुकं राहतं ते बहुतेक वेळा सर्किटच्या भोवतीच्या तारांमुळे. त्यामुळे आवाज आला नाही म्हणून लगेच आयसी बदलायला घेऊ नका.

सगळ्यात महागात पडणारी घाई म्हणजे बोर्ड तपासण्याआधीच सगळं डब्यात बसवणं. आधी फक्त बोर्ड, पॉट (नॉबखालचा फिरवायचा रेझिस्टर), दोन जॅक आणि बॅटरी जोडून गिटार वाजवून पाहा. आवाज नीट आला की मग फूटस्विच आणि एलईडी जोडा. एवढा संयम ठेवला तर पुढचं निम्मं डोकं खाजवणं वाचतं.

आवाज नसेल तर मल्टीमीटर घ्या आणि गिटार बाजूला ठेवून व्होल्टेज मोजा. टीएल०७२ सारख्या दुहेरी ऑप-अँपमध्ये पिन ८ वर साधारण ९ व्होल्ट आणि पिन ४ वर शून्य हवं. पिन १ आणि २ वर त्याच्या निम्मे, म्हणजे ४.५ च्या आसपास. हे निम्मं व्होल्टेज दोन सारख्या रेझिस्टरमधून तयार होतं. त्यातला एक जरी चुकीच्या किमतीचा लागला तरी पिन १ चं व्होल्टेज ९ च्या किंवा शून्याच्या जवळ अडकून बसतं आणि आवाज फाटका, तुटक येतो. पिन ३ वर मीटर थोडं कमी दाखवेल. तिथे बहुधा १ मेगओहमचा रेझिस्टर असतो आणि मीटर स्वतःच थोडा करंट ओढतं, म्हणून तो दोष समजू नका.

व्होल्टेज ठीक, तरी आवाज नाही? मग ऑडिओ प्रोब बनवा. अँपला जाणाऱ्या केबलच्या टिपला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर (त्यावर १०४ छापलेलं असतं) जोडा आणि केबलचा ग्राउंड पेडलच्या ग्राउंडला लावा. अँपचा आवाज अगदी कमी ठेवा. कोणाला तरी गिटार वाजवायला सांगा आणि कपॅसिटरचं मोकळं टोक इनपुटपासून एकेका जोडणीवर टेकवत पुढे जा. जिथे आवाज नाहीसा होतो, दोष तिथेच. दुरुस्तीचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. मात्र हे फक्त ९ व्होल्टच्या पेडलसाठी. व्हॉल्व्ह अँपच्या आत शेकडो व्होल्ट असतात, तिथे हा प्रोब कधीही लावू नका.

दोन्ही डायोड एकमेकांना समांतर, पण उलट दिशांनी बसवायचे असतात. दोन्ही एकाच दिशेने लागले तर लहरीची एकच बाजू कापली जाते आणि डिस्टॉर्शन अर्धवट वाटतं. १एन४१४८ साधारण ०.६ व्होल्टला कापायला लागतो, जर्मेनियम डायोड ०.३ च्या आसपास, लाल एलईडी १.७ च्या पुढे. म्हणून जर्मेनियम लावल्यावर आवाज लहान झाला, किंवा एलईडी लावल्यावर मोठा आणि कमी खरखरीत झाला, तर काही बिघडलेलं नाही.

ट्रान्झिस्टर बदलताना पाय तपासा. सपाट बाजू समोर आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ मध्ये डावीकडून क्रम एमिटर-बेस-कलेक्टर, बीसी५४७ मध्ये नेमका उलट.

गेन (सिग्नल किती वाढवायचा ते) वाढवला की शिट्टी वाजते? इनपुट आणि आउटपुटच्या तारा एकमेकींना लागून जात असतील. त्या एकमेकींपासून दूर न्या, इनपुटला शील्डेड वायर (बाहेरून जाळीचं आवरण असलेली) वापरा. डबा धातूचा हवा आणि तो ग्राउंडला जोडलेला हवा. रंगवलेल्या डब्यात जॅकभोवतीचा रंग आतून खरवडायला विसरू नका, नाहीतर हम (सततची घरघर) जात नाही.

फूटस्विचच्या पायांवर सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, आतलं प्लास्टिक वितळून संपर्क सैल होतो. स्विच दाबताच 'फट्' असा आवाज येत असेल तर इनपुट ते ग्राउंड १ मेगओहमचा रेझिस्टर लावा. अडॅप्टर जोडण्यापूर्वी त्याच्या मधल्या टोकाची ध्रुवता पाहा. बहुतेक पेडलमध्ये मध्यभागी निगेटिव्ह असतं. आणि पॉट उलटा फिरत असेल, तर त्याच्या कडेच्या दोन पायांच्या तारा अदलाबदल करा.