मंडपातली नाटिका, प्रॉम्प्टरच्या खुर्चीवरून

नेरूळच्या आमच्या सोसायटीत गणपतीत नाटिका होते आणि मी विंगेत, म्हणजे स्टेजच्या कडेला पडद्याआड, संहिता मांडीवर घेऊन बसते, कुणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायला. स्टेजवर जायची हौस मला कधी नव्हती. लहानपण ठाण्यात, नौपाड्यात गेलं. १९७८ मध्ये गडकरी रंगायतन सुरू झालं आणि तलावपाळीवर फिरायला गेलं की पावलं तिकडे वळायची. तेव्हाही माझं अर्धं लक्ष पडद्याच्या कडेला कोण पळापळ करतंय तिकडेच असायचं. विंगेतून बघताना एक गोष्ट पक्की दिसते. हौशी नटांचं अडतं ते दोनच ठिकाणी: त्यांचं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत जात नाही, आणि समोरच्या पात्राचं बोलणं त्यांच्या स्वतःच्या कानात शिरत नाही. हे दोन सांधले की बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आधी वेळेचं गणित मांडा, तेही उलटं. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, सवलतीचे दिवस सोडून. आरती साडेआठला संपते, मग प्रसाद, मग बक्षीस समारंभ, त्यात कमिटीची भाषणं. म्हणजे तुमच्या हातात उरतो अर्धा तास. तेवढ्यात बसेल अशी, पाच-सहा पात्रांची, एकाच दिवाणखान्यात घडणारी नाटिका निवडा. तीन अंकी नाटकाचे तुकडे कापून जोडू नका. ज्यांनी मूळ पाहिलंय ते वैतागतात आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काही कळत नाही. लेखक हयात असेल तर फोन करून विचारा, निवेदनात नाव घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच मोकळं झालंय. पण त्यांची ती पल्लेदार वाक्यं पहिल्याच वर्षी अंगावर घेऊ नका.

वाचन बसून करा, किमान पहिला आठवडा. आमचे निम्मे नट ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून परततात, क्लबहाउसमध्ये यायला साडेनऊ होतात, आणि आल्या आल्या सगळ्यांना उभं राहून हातवारे करायचे असतात. करू देऊ नका. प्रत्येक वाक्यापाशी एकच प्रश्न विचारा: या वाक्याने समोरच्याकडून काय काढून घ्यायचंय? ‘चहा टाकू का?’ हे सुनेचं वाक्य घ्या. सासूला खोलीबाहेर घालवायचं असेल तर ते एका तऱ्हेने येईल, भांडण मिटवायचं असेल तर दुसऱ्या, आणि आलेला पाहुणा उठावा म्हणून म्हटलं असेल तर अगदी तिसऱ्या. ‘रागाने म्हण’ असं दिग्दर्शकाने सांगितलं की नट भुवया चढवतो. ‘त्याला उठव’ असं सांगितलं की आवाज आपसूक बदलतो.

आता आवाज. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘नाही’ तर अगदीच शेवटी. ‘मी त्याला पैसे दिले नाहीत’ हे वाक्य म्हणताना ‘दिले’पाशी श्वास संपला तर प्रेक्षकांना नेमकं उलटं ऐकू जातं. नवे नट वाक्य जोरात उचलतात आणि शेवटी सोडून देतात. त्यावर आमचा उपाय असा: दोघांनी पार्किंगच्या दोन टोकांना उभं राहायचं आणि संवाद म्हणायचा. ओरडायचं नाही, घसा ताणला की आवाज चिरकतो आणि शब्द फाटतात. पोट फुगेल असा श्वास घ्यायचा आणि शेवटचा शब्द पहिल्याइतकाच ठाशीव टाकायचा. समोरच्याला तो शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर त्याने फक्त हात वर करायचा. दोन-चार दिवसांत फरक पडतो.

माइकवर भिस्त ठेवू नका. वर टांगलेला माइक पंख्याचा आवाजही तितक्याच प्रेमाने पकडतो, आणि कॉलर माइक पदराला घासून खरखरतो. वरून पत्र्यावर पावसाची सर आली तर काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी आधीच ठरवून ठेवा: सर आली की आहे त्या जागी थांबायचं, पात्र सोडायचं नाही, आणि विंगेतून खूण झाली की तेच वाक्य पुन्हा घ्यायचं.

स्टेजची जागा. आमचं स्टेज १६ बाय १२ फूट. तेवढी चौकट तालमीच्या फरशीवर टेपने आखा, सोफा आणि दाराच्या खुणाही करा. उजवं-डावं नेहमी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. प्रेक्षकांजवळचा भाग डाऊन, मागचा अप. एवढं पाठ झालं की निम्मा गोंधळ संपतो. चौघे एका ओळीत उभे राहिले तर वर्गात शिक्षा झाल्यासारखे दिसतात. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी बसलेला असा त्रिकोण ठेवा. समोरासमोर बोलतानाही अंग थोडं प्रेक्षकांकडे उघडं हवं. आणि एकाच्या वाक्यावर दुसऱ्याने फिरू नये, नजर फिरणाऱ्याकडे जाते. मूर्तीकडे पाठ नको म्हणून ज्येष्ठ मंडळींचा आग्रह असतो. तो मोडत बसण्यापेक्षा मंडपवाल्याला आधीच सांगून स्टेज बाजूला बांधून घ्या.

हात कुठे ठेवायचे हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हातांना काम द्या. आमच्या बी विंगमधल्या काकू एका प्रवेशात लसूण सोलत होत्या. त्या सोलायच्या थांबल्या आणि मंडप गप्प झाला, वाक्य यायच्या आधीच. खरं काम हवं पण. रिकामा कप उचलला की तो रिकामा आहे हे मनगटावरून कळतं, म्हणून कपात निदान पाणी घाला. खायचं असेल तर फरसाण नको, घशात अडकतं. केळ्याचे तुकडे बरे.

ऐकणं शिकवायला मला एकच युक्ती माहीत आहे. तालमीत समोरच्याला त्याचं वाक्य मुद्दाम वेगळ्या ढंगात म्हणायला सांगायचं. तरी उत्तर ठरलेल्या सुरातच आलं, तर नट ऐकत नाही, आपल्या पाळीची वाट बघतोय. हशा आला तर तेही ऐकायचं: तो ओसरू लागला की पुढचं वाक्य; अगदी विरू दिलात तर खड्डा पडतो.

माझ्या खुर्चीविषयी थोडं जास्त बोलते. प्रॉम्प्टर पहिल्या तालमीपासून हवा, आयत्या वेळी मोकळा दिसलेला भाचा नको. संहितेत प्रत्येक मुद्दाम घेतलेला विराम पेन्सिलीने खुणावून ठेवावा. नाहीतर नट सुरेख थांबतो आणि विंगेतून वाक्य येतं, ते पहिल्या तीन रांगांना ऐकू जातं. द्यायचा तो फक्त पहिला शब्द, तोही शब्द संपेपर्यंत स्पष्ट, नुसती फुसफुस नाही. नटाचं बोट किंवा पापणी बघत राहिलं की अडलाय की थांबलाय ते कळायला लागतं. आणि नटाने विंगेकडे बघायचं नाही. समोरच्या पात्राकडे बघायचं. बहुतेक वेळा पुढचा धागा तिथूनच मिळतो. समोरच्यानेही मदत करावी: ‘तुम्ही बँकेचं काहीतरी सांगत होतात ना?’ एवढं म्हटलं तरी गाडी रुळावर येते.

प्रकाशयोजनेवर फार डोकं घालवू नका. रस्त्याचे दिवे आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्या चालू असताना ब्लॅकआऊट, म्हणजे प्रवेश बदलताना लागणारा पूर्ण अंधार, होत नाही. म्हणूनच एकच दिवाणखाना म्हटलं.

रंगीत तालीम मात्र चुकवू नका: कपडे, चष्मे, चपला, सगळं त्या दिवशीचं. नव्या साडीत बसता-उठता येतं का, दाढी चिकटते का, हे तेव्हाच कळतं. विंगेत एका टेबलावर वर्तमानपत्र पसरा, प्रत्येक वस्तूची जागा त्यावर आखा, नाव लिहा. जागा रिकामी दिसली की वस्तू हरवली हे प्रवेशाआधी समजतं. एंट्री विंगेतच सुरू करा, दोन पावलं आधी. तुम्हाला प्रेक्षक दिसत असतील तर तुम्हीही त्यांना दिसताय, तेव्हा पडद्याच्या फटीतून मुलांना हात करू नका.

प्रयोगाच्या दिवशी मंडपातही तीन घंटा द्या, थिएटरात देतात तशाच. पहिलीला सगळे विंगेत, दुसरीला मोबाइल बंद, तिसरीला पडदा. वडे शेवटी. आणि क्लबहाउसच्या फरशीवरची टेप त्याच आठवड्यात खरवडून काढा, नाहीतर पुढच्या वर्षी सेक्रेटरी किल्ली देणार नाहीत.