कपाटासाठी लाकूड निवडताना: आधी जागा बघा, मग जात

धायरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारं जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, सगळं सागवानातच करा." सागवान मलाही फार आवडतं, पण सगळं कपाट त्याचं करण्यात अर्थ नाही. आतला बॉक्स आणि फळ्या प्लायच्या करा. सिंकखाली आयएस ७१० (भारतीय मानक) शिक्क्याचा मरीन प्लाय लावा, बाकी ठिकाणी आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्यात तग धरणारा प्लाय चालतो. अस्सल लाकडावरचा खर्च दारांवर आणि ड्रॉवरच्या दर्शनी भागावर करा. रोज हात तिथेच लागतो.

याचं कारण पुण्याची हवा. एप्रिलमध्ये ओठ फुटतात आणि ऑगस्टमध्ये बरणीतलं मीठ ओलं होतं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. ४५० मिमी रुंदीच्या सागाच्या सलग फळीतला ओलावा ८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेला, तर ती साधारण ४-५ मिमी फुगू शकते. बीच या विदेशी लाकडाची तेवढीच फळी ९ मिमीच्या आसपास. दोन दारांमधली फट आपण जेमतेम ३ मिमी ठेवतो, मग पावसाळ्यात दारं अडकणारच! म्हणून दार सलग फळीचं करू नका. ६०-७० मिमीच्या पट्ट्यांची चौकट आणि मध्ये खोबणीत बसवलेलं पॅनेल, असं करा. त्या खोबणीत मिस्त्रींना फेविकॉल भरू देऊ नका. पॅनेलला हलायला जागा मिळाली नाही, तर ते तडकतं किंवा चौकटीचा सांधा उघडतं.

आता जात. साग कमी हलतो आणि त्याच्यातल्या तेलामुळे वाळवीला दाद देत नाही, पण हे फक्त गाभ्याबद्दल खरं. सालीकडचा फिकट पट्टा कीड सहज पोखरते. २०२३ साली बल्लारपूरहून अयोध्येच्या राममंदिरासाठी साग गेला, तेव्हापासून "तोच द्या" असं सांगणारे बरेच भेटतात. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग उत्तमच, पण तिथलाही प्रत्येक ओंडका सारखा नसतो. 'आफ्रिकन टीक' म्हटलं की नीट विचारा. कधी तो घानासारख्या देशातल्या लागवडीचा खरा साग असतो, कधी इरोको, म्हणजे वेगळंच झाड. फळीचं टोक धारदार पटाशीने स्वच्छ तासा, पाण्याचं बोट फिरवा आणि उजेडात धरा. सागात प्रत्येक वर्षकड्याच्या, म्हणजे झाडाच्या दरवर्षीच्या वाढीच्या कड्याच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ उघड दिसते. ताज्या कापाला चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. रंग लावून साग म्हणून खपवलेलं लाकूड या परीक्षेत सहसा उघडं पडतं.

फिकट रंग हवा असेल तर ॲश किंवा व्हाइट ओक घ्या. दोन्हींची छिद्रं मोठी, त्यामुळे स्वयंपाकघरात ओपन पोअर पॉलिश, म्हणजे छिद्रं उघडी ठेवणारं पॉलिश नको. हळदीचा हात एकदा लागला की पिवळेपणा रेघांत जाऊन बसतो. ओकला ओल्या लोखंडाचा स्पर्श झाला तर काळे डाग पडतात, म्हणून स्क्रू स्टेनलेसचेच वापरा. अक्रोड देखणा, पण पश्चिमेच्या खिडकीसमोर त्याचा रंग हळूहळू उतरतो. रबरवुड स्वस्त आहे, पण ट्रीटमेंट केलेलंच घ्या, नाहीतर कीड लागून पिठासारखा भुगा पडायला लागतो. आंबा मी स्वयंपाकघरात वापरत नाही.

माझी सगळ्यात आवडती खरेदी म्हणजे जुन्या वाड्यांचा साग. पेठांमधला वाडा उतरवला की तुळया आणि खांब विकायला येतात. वर्षानुवर्षं वाळलेलं, दाट कड्यांचं लाकूड. घेताना तुळईची दोन्ही टोकं बघा, कारण भिंतीत गाडलेला भाग बहुतेकदा कुजलेला असतो. आत तुटलेले खिळे असतात, म्हणून चिरायला देण्याआधी मेटल डिटेक्टर फिरवा. सॉ मिलवाले पात्याचे पैसे तुमच्याकडूनच घेतील, आणि ते रास्तच आहे.

नवीन लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जाताना मॉइश्चर मीटर, म्हणजे सुया टोचून लाकडातला ओलावा मोजायचं यंत्र, सोबत ठेवा. सुया फळीच्या वरच्या बाजूला टोचू नका, तिथलं लाकूड आधी सुकतं. एक तुकडा कापून घ्या आणि ताज्या कापाच्या मधोमध टोचा. ८ ते १२ टक्के आले तर घ्या. १८ आले, तर जात कितीही भारी असली तरी निघून या. भाव घनफुटाचा असतो: रुंदी आणि जाडी इंचात, लांबी फुटात, गुणाकाराला १४४ ने भागा. ६ इंच रुंद, दीड इंच जाड, ७ फूट लांब फळी म्हणजे ०.४४ घनफूट. रंधा, गाठी आणि सालीकडचा भाग धरून मी हिशोबापेक्षा तिसरा हिस्सा जास्त घेते.

घरी आणल्यावर फळ्यांमध्ये पट्ट्या घालून त्या निदान दोन आठवडे सावलीत रचून ठेवा. पॉलिशचा नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून घ्या आणि तो तुमच्याच ओट्याजवळ, दिवसा आणि रात्री दिवा लावून बघा.