फॉर्मल शर्टाची निगा: धुण्यापासून कपाटापर्यंतची तयारी

शर्ट पाण्यात घालण्यापूर्वी त्याच्या आतल्या शिवणीला लावलेली छोटी पट्टी वाचावी. टबच्या चित्रातला आकडा हे पाण्याचे कमाल तापमान असते, त्रिकोणावर फुली असेल तर कोणतेही ब्लीच चालत नाही, आणि इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका साधारण ११० अंश, दोन ठिपके १५० अंश आणि तीन ठिपके २०० अंश सेल्सिअसपर्यंतची मुभा देतात. ही पट्टी टोचते म्हणून पुष्कळ जण ती कापून फेकून देतात. कापायचीच असेल, तर त्यावरील सूचना तरी कुठेतरी टिपून ठेवाव्यात, कारण शुद्ध सुती आणि पॉलिएस्टरमिश्रित शर्टांतला फरक केवळ हाताने चाचपून ओळखणे दिसते तितके सोपे नसते.

त्यानंतर खिसे रिकामे करावेत आणि कॉलरच्या टोकांत घातलेल्या, काढता येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या बाहेर काढाव्यात. त्या आत राहिल्या तर मशीनमध्ये वाकतात आणि इस्त्रीखाली आल्या की कॉलरवर त्यांचा कायमचा ठसा उठतो. कफची आणि कॉलरची धरून सगळी बटणे सोडावीत, कारण बटणे लावलेला शर्ट मशीनमध्ये फिरू लागला की सगळा ताण काजांच्या टोकांवर आणि बटणांच्या दोऱ्यांवर पडतो. एखादे बटण सैल झाले असेल तर ते धुण्याआधीच पक्के करावे. धुतल्यावर ते हाती लागेलच असे नाही. गडद रंगाचा नवा शर्ट असेल तर आतल्या शिवणीजवळ ओले पांढरे फडके दाबून पाहावे आणि त्यावर रंग उतरला तर तो शर्ट वेगळा धुवावा.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो डागांना, आणि त्यातही कॉलरला. मानेशी घासणाऱ्या घडीवर दिसणारी राखाडी रेघ म्हणजे त्वचेच्या तेलात मुरलेली धूळ असते आणि नुसत्या पाण्याने तेल निघत नाही. म्हणून कॉलर उलगडून सपाट पृष्ठभागावर पसरावी, त्या रेघेवर थोडे पाणी आणि थेंब-दोन थेंब द्रव डिटर्जंट लावावे, मऊ ब्रशने घडीच्या दिशेने हलक्या हाताने चोळावे आणि पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. कडक ब्रशने जोर लावून घासल्यास डाग लवकर जातो खरा, पण घडीवरचे सूतही विरते, आणि चांगले शर्ट बहुधा तिथेच पहिल्यांदा फाटतात. काखेतले पिवळे डाग निराळ्या प्रकारचे असतात. घाम आणि घामरोधक प्रसाधनांतले ॲल्युमिनियमचे क्षार एकत्र आल्याने ते पडतात. त्यांवर क्लोरीनचे ब्लीच ओतले तर पिवळेपणा वाढण्याचीच शक्यता अधिक असते. सोडियम परकार्बोनेट असलेली ऑक्सिजन ब्लीचची पावडर पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि साधारण ४० अंशांच्या कोमट पाण्यात तिचे काम चांगले होते. पट्टीवर परवानगी असेल तर सुती शर्टासाठी ती योग्य ठरते, मात्र रेशमी किंवा लोकरीच्या कपड्यांना ती लावू नये. रक्त, दूध किंवा अंड्याचा डाग असेल तर गार पाणीच घ्यावे, कारण उष्णतेने त्यातली प्रथिने धाग्याला घट्ट धरून बसतात. याच कारणासाठी, धुतलेला शर्ट वाळत घालण्याआधी उजेडात धरून पाहावा आणि डाग उरला असेल तर त्यावर पुन्हा काम करावे. एकदा इस्त्री फिरली की तो निघण्याची आशा फारच कमी उरते.

मशीन ठासून भरू नये आणि पिळण्याचा वेग कमी ठेवावा, कारण जोरात पिळल्याने कापडात पडलेल्या चुण्या इस्त्रीच्या वेळी सोडवता सोडवता दमायला होते. डिटर्जंट सांगितल्यापेक्षा जास्त घालू नये. न निघालेला साबण कापडात राहतो आणि गरम इस्त्रीखाली त्याचे तपकिरी डाग पडतात. मशीन थांबताच शर्ट काढून झटकावा, कॉलर, कफ आणि बटणपट्टी हाताने ताणून सरळ करावी आणि हँगरवर वाळत घालावा. पांढरा उन्हात चालेल, रंगीत मात्र उलटा करून सावलीत.

इस्त्रीची खरी तयारी ओलाव्याची असते. सुती धाग्यातले सेल्युलोजचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. पाण्याने हे बंध सैल होतात आणि कापड सपाट असताना उष्णतेने पाणी उडून गेले की ते त्याच सपाट स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणून कडकडीत वाळलेल्या शर्टावर इस्त्री कितीही दाबली तरी सुरकुती हटत नाही. शर्ट हाताला किंचित थंड आणि दमट लागत असतानाच इस्त्रीला घ्यावा. पूर्ण वाळला असेल तर त्यावर पाणी फवारून, गुंडाळी करून दहा-पंधरा मिनिटे ठेवावा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. इस्त्रीचा तळ स्वच्छ आहे ना हे पाहावे आणि पहिली वाफ जुन्या फडक्यावर सोडावी, कारण जड पाण्याचे साचलेले क्षार पहिल्याच फवाऱ्यात बाहेर पडतात. अनेक शर्ट असतील तर कमी तापमानाचे, म्हणजे पॉलिएस्टरमिश्रित, आधी घ्यावेत. गडद रंगांवर चकाकी येऊ नये म्हणून ते उलट्या बाजूने करावेत.

क्रम लहान भागांकडून मोठ्या भागांकडे असावा, नाहीतर सपाट झालेली पाठ बाही करताना पुन्हा चुरगळते. कॉलरची मागची बाजू आधी घ्यावी आणि इस्त्री टोकांकडून मध्याकडे न्यावी. उलट दिशेने नेल्यास कापड टोकाशी गोळा होते आणि तिथे पडलेली चुणी सगळ्यांना दिसते. मग पुढची बाजू, खांद्यावरची दुहेरी पट्टी, कफ आतून आणि बाहेरून, शिवणीवर सरळ पसरलेल्या बाह्या, पुढचे दोन्ही भाग आणि शेवटी पाठ. बटणांची पट्टी जाड टॉवेलवर पालथी ठेवून मागून दाबावी, म्हणजे बटणे टॉवेलमध्ये रुततात आणि कापड नीट बसते. बटणांवर थेट इस्त्री ठेवू नये, विशेषतः शिंपल्याची बटणे उष्णतेने तडकतात. वेळ कमी असेल तर कॉलर, कफ आणि बटणपट्टी यांवर तो खर्च करावा, कारण कोटाखाली तेवढेच दिसते. इस्त्री झालेला शर्ट थोडा वेळ टांगून गार होऊ द्यावा. गरम कापडाची घडी केली तर तिच्या रेषाही तितक्याच पक्क्या उमटतात.

हँगर रुंद असावा आणि त्याची टोके खांद्याच्या शिवणीपर्यंत पोहोचावीत. तारेच्या हँगरने खांद्यावर उंचवटे येतात आणि तो गंजला तर डागही पडतात. वरचे आणि तिसरे बटण लावून शर्ट टांगावा, दोन शर्टांमध्ये हवा खेळण्याइतके अंतर ठेवावे आणि लाँड्रीतून आलेले प्लास्टिकचे आवरण घरी येताच काढावे, कारण त्यात ओल कोंडते. महिनोन्‌महिने ठेवायचा शर्ट तासभरच घातलेला असला तरी धुऊनच ठेवावा. आज न दिसणारा घाम आणि तेल काही महिन्यांत पिवळे पडते. अशा शर्टाला खळ किंवा स्टार्च लावू नये, कारण कसरीला पिष्ट प्रिय असते आणि ते खाताना ती कापडही कुरतडते. डांबराच्या गोळ्यांची मात्र स्वच्छ सुती शर्टांना गरज नसते. कपड्यांच्या पतंगाच्या अळ्या मुख्यतः लोकर आणि रेशीम यांवर जगतात, आणि त्या गोळ्यांचा वास कापडातून सहजासहजी जात नाही. घडी करून ठेवलेले शर्ट धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या कप्प्यात ठेवावेत आणि दर काही महिन्यांनी काढून घडी वेगळ्या ठिकाणी मोडावी, म्हणजे एकाच रेषेवर सूत कमजोर होत नाही.