क्वेकरांचा तास घ्यायचा असेल तर

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी आठवी-नववीची दहा-बारा मुलं इतिहासाला येतात. पहिल्या वर्षी मी क्वेकर (इंग्लंडात निघालेला एक ख्रिस्ती पंथ) सनावळीने सुरू केले आणि पाचव्या मिनिटाला जांभया. तुम्ही 'तू'पासून सुरू करा.

मुलांना म्हणा, आज तासभर मला 'अहो बाई' नाही, 'अगं' म्हणायचं. लाजतात, एकमेकांना ढोसतात. मग विचारा: विठ्ठलाला आपण तू म्हणतो, मग सुभेदाराला अहो-जाहो कशाला? इंग्लंडात १६५०च्या सुमाराला क्वेकर पंथ काढणाऱ्या जॉर्ज फॉक्सच्या लोकांनी हेच धरून ठेवलं. प्रत्येकाच्या आत देवाचा उजेड आहे, तर न्यायाधीशालाही एकेरीच (जुन्या इंग्रजीतलं 'दाउ', म्हणजे तू), आणि त्याच्यापुढे टोपी उतरवायची नाही. यापायी कितीजण तुरुंगात गेले.

मग दहा मिनिटं गप्प बसवा. त्यांच्या मूळ पद्धतीच्या प्रार्थनासभेत धर्मगुरू नसतो. ज्याला आतून वाटेल तो उठून बोलतो, बाईमाणूससुद्धा. चौथ्या मिनिटाला कुणीतरी फिस्सकन हसेलच. हसू द्या.

मेरी डायर मात्र सावकाश सांगा. मॅसॅच्युसेट्स या अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतीतून हाकललेला क्वेकर परत आला तर फाशी, असा कायदा होता. १६५९मध्ये तिच्या गळ्यात दोर पडला, दोन सोबती तिच्यासमोर लटकले आणि तिला ऐनवेळी सोडलं. ती परत आली. १ जून १६६० रोजी बॉस्टनमध्ये तिला फाशी झाली. फाशी देणारे प्युरिटन (कडक शिस्तीचे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) स्वतः धर्मासाठीच इंग्लंड सोडून आले होते. एवढं सांगून थांबा, पुढचं मुलं बोलतात.

विल्यम पेन हा क्वेकर थोडक्यात उरका. इंग्लंडच्या राजाकडे त्याच्या वडिलांचं १६ हजार पौंडांचं येणं होतं, त्याबदल्यात १६८१मध्ये त्याला अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया मिळालं. तिथे त्याने धर्माची मोकळीक दिली. पण पेनच्या घरी गुलाम होते, हे गाळू नका.

आता फळ्यावर १७७६ वजा १६८८ लिहा. १६८८मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चौघांनी क्वेकरांच्या सभेला गुलामगिरीविरुद्ध अर्ज दिला. मासिक सभेने तो तिमाहीकडे ढकलला, तिमाहीने वार्षिककडे, तिथे तो बाजूला पडला. मतदान नाही, सगळ्यांचं एकमत हवं, आणि सभेत गुलाम बाळगणारेही बसलेले! फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम ठेवणाऱ्याला बाहेर काढायचं ठरवलं ते १७७६मध्ये. उत्तर ८८. आमच्याकडे एकजण म्हणाला, "बाई, म्हणजे नगरपालिकेची फाईल!"

या ८८ वर्षांच्या मधोमध बेंजामिन ले हा क्वेकर. चार फुटांचा कुबडा माणूस. १७३८च्या सभेत त्याने पोकळ पुस्तकात लाल रसाची पिशवी लपवून आणली, तलवार खुपसली आणि गुलाम बाळगणाऱ्यांवर ते 'रक्त' उडवलं. त्याला सभेतून काढून टाकलं. हे करून दाखवा: जुनी डायरी कोरायची, आत बिटाच्या रसाचा फुगा, वरून विणायची सुई. सतरंजी आधी गुंडाळून ठेवा. आमच्या सतरंजीवर डाग अजून आहे, आणि सासूबाई तो प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.