पार्किन्सन्स, जनुकं आणि मेंदूतल्या रक्षक पेशी: वाचताना या चुका टाळा

पार्किन्सन्स म्हटलं की डोपामाइन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात, एवढ्यावरच बहुतेकांचं वाचन थांबतं. पहिली चूक ती. 1988 मध्ये पॅट्रिक मॅकगीर आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत, जिथे या चेतापेशी मरतात नेमक्या त्याच भागात, चेतवलेल्या मायक्रोग्लिया दिसल्या. या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी.

मग लगेच दुसरं टोक गाठलं जातं: दाह यांच्यामुळे, म्हणजे खलनायक याच! पण या आजारात चेतापेशींत साचणाऱ्या अल्फा-सायन्युक्लीन या प्रथिनाचे गोळे गिळून पचवायचं कामही याच करतात. गिळलेलं पचलं नाही, तर मात्र त्याच दाहक रसायनं सोडत राहतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे 'म्युटेशन, म्हणजे जनुकात बदल झाला, म्हणजे जनुक बंद पडलं' असं धरून चालणं. एलआरआरके2 या पार्किन्सन्सशी जोडलेल्या जनुकात उलटंच घडतं. जी2019एस या बदलात त्यापासून बनणाऱ्या एन्झाइममध्ये 2019व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन येतं आणि ते एन्झाइम गरजेपेक्षा जास्त काम करू लागतं. पेशीतली वाहतूक सांभाळणाऱ्या रॅब प्रथिनांवर फॉस्फेटचे शिक्के वाढतात आणि पेशीतल्या पचनाच्या पिशव्यांचं, म्हणजे लायसोसोमचं, कामकाज बिघडतं. जीबीए1 या दुसऱ्या जनुकात बदल झाला, तर त्याचं एन्झाइम कमी पडतं, त्यामुळे लायसोसोममध्ये एक स्निग्ध पदार्थ साचू शकतो. म्हणून एलआरआरके2 साठी एन्झाइमला आवर घालणारी औषधं तपासली जातात, तर जीबीए1 साठी एन्झाइमला बळ देणारी. 'जनुकीय पार्किन्सन्सवर औषध' असा मथळा दिसला, तर आधी जनुकाचं नाव शोधा. ते नसेल तर बातमी अर्धीच आहे.

पेट्री डिशमधल्या निष्कर्षांवर लगेच विसंबू नका. मेंदूबाहेर काढलेल्या मायक्रोग्लिया स्वतःची ओळख बऱ्यापैकी हरवून बसतात.

तपासणीत यातलं एखादं म्युटेशन सापडलं म्हणजे आजार ठरलेलाच, असंही नाही. जीबीए1 चे बहुतांश वाहक आणि एलआरआरके2 चेही अनेक वाहक आयुष्यभर निरोगी राहतात. अहवालाचा अर्थ जनुकीय समुपदेशकाकडून समजून घ्या, आणि 'दाह कमी करू' म्हणून मनानेच वेदनाशामक गोळ्या सुरू करू नका.

एक चूक मी स्वतः बरेच दिवस करत होतो: हे सगळं फक्त मेंदूत घडतं असं समजायची. एलआरआरके2 रक्तातल्या मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतही काम करतं. त्याच जनुकातल्या काही बदलांचा संबंध क्रोन्स या आतड्याच्या विकाराशी सापडला आहे.